बाजारात न आलेल्या सेन्सरची कुंडली

निकॉनने फेब्रुवारी २०१६ मध्ये डीएल मालिकेचे तीन कॅमेरे जाहीर केले. एप्रिलमध्ये चित्रप्रक्रियेच्या चिपमध्ये दोष निघाला, त्याच महिन्यात कुमामोतोच्या भूकंपाने सोनीचा सेन्सर कारखाना बंद पाडला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये वाढता खर्च व मंदावलेली बाजारपेठ ही कारणे देऊन कंपनीने मालिकाच गुंडाळली. दरम्यान त्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरच्या गुणदोषांवर जाणकारांचे निकाल लागून गेले होते; कॅमेरा बघण्याची अट अर्थातच नव्हती. आता नव्या सेन्सरची गरज किती, याचा हिशेब ताडकळससारख्या गावातल्या लग्नाच्या फोटोंवर मांडू. अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान ३०० डीपीआयने छापायला साधारण १९ मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलचे कॅमेरे कधीच जुने झाले. म्हणजे नव्या सेन्सरसाठी वऱ्हाड खोळंबत नाही. कोणी म्हणेल, रात्रीच्या वरातीत जुना सेन्सर दाणेदार चित्र देतो. खरे आहे. पण एफ ५.६ ऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली की सुमारे साडेनऊपट उजेड आत येतो. एवढी झेप सेन्सरची एक पिढी घेत नाही. अडचण इतकीच, की लेन्स दुकानात मिळते, त्यामुळे तिच्याविषयी भाकीत करता येत नाही.