डॉर्टमुंडहून, तालमीत वाचून दाखवण्यासाठी

डॉर्टमुंड, 18 मे 2025

तीर्थस्वरूप आप्पा आणि आईंना,


फोनवर तुम्ही म्हणालात, "मॅचचं असं तुटक सांगू नकोस, नीट लिहून पाठव, तालमीत वाचून दाखवतो." म्हणून लिहायला बसले. जिथं 'हे गाळा' असं लिहिलंय तिथं कृपा करून गाळा. मागच्या पत्रात तुम्ही 'हे गाळा' हे शब्दही मोठ्यानं वाचलेत, असं मला मंगळवार पेठेतून कळलं आहे.

तर काल बोरुसिया डॉर्टमुंडची सीझनमधली शेवटची मॅच, घरच्या मैदानावर. खालच्या मजल्यावरच्या क्लाउस आजोबांच्या घरात तीन सीझन तिकिटं आहेत: स्वतःचं, मुलीचं आणि नातवाचं. मुलीच्या नणंदेनं नेमका कालचा लग्नाचा मुहूर्त धरला. आजोबा लग्नाला गेले नाहीत आणि ती नणंद त्यांच्या मनातून कायमची उतरली. त्यामुळं दोन तिकिटं आमच्या दारात आली. एक आमच्या पोराचं, ओजसचं, हे उघडच होतं. दुसरं संग्रामचं व्हायला हवं, पण तुमचा मुलगा कंपनीच्या कामाला पोलंडमध्ये. चार वर्षं या शहरात राहून ज्याला एक सीझन तिकीट मिळालं नाही, त्याच्या नशिबात कारखान्याची मशीन, आणि जिला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून नीट कळलेलं नाही, ती पिवळा मफलर गुंडाळून निघाली. त्यानं फोनवर "तू मजा कर" म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं त्याला मजा म्हणत नाहीत.

मॅच साडेतीनची. आजोबा सकाळी अकरालाच दारात हजर. ओजसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा पडला. पोरानं निळा रेनकोट घातला होता. निळा रंग शाल्केचा. शाल्के म्हणजे शेजारच्या गेल्झेनकिर्शेनचा क्लब, आणि त्याचं नावही इथं कुणी घेत नाही, नुसतं 'हेर्ने-वेस्ट' म्हणतात. शाल्केवालेही डॉर्टमुंडला डॉर्टमुंड म्हणत नाहीत, 'ल्यूडेनशाइड-नॉर्ड' म्हणतात. दुसऱ्याच गावाचं नाव देऊन दोघांनी एकमेकांना नकाशावरून उठवलंय. ईर्षा हा आपल्याच पेठांचा माल आहे असं मला लग्न होऊन कोल्हापूरला आल्यापासून वाटत होतं. इथं तो ठोकमध्ये मिळतो. शेवटी रेनकोट घरी राहिला आणि ओजस आजोबांच्या ढगळ पिवळ्या जॅकेटात निघाला.

ऊ-बाननं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, निघालो. डब्यात पाय ठेवायला जागा नाही, तरी उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात. माणसं बेभान होऊन ओरडतायत आणि दार लागताना एकमेकांना सॉरी म्हणतायत. मला तर कुठं घाबरायचं आणि कुठं निवांत राहायचं तेच कळेना.

वाटेत आजोबांनी क्लबचा जन्म सांगितला, तो तालमीत जरूर वाचा. 19 डिसेंबर 1909. बोर्सिगप्लाट्झजवळ पोलाद कारखान्यातल्या कामगारांची वस्ती. तिथल्या चर्चच्या तरुण मंडळातल्या पोरांना फुटबॉलचं वेड, आणि तिथल्या पाद्रीबाबांना ते अजिबात मान्य नव्हतं. पोरांनी शेवटी एका दारूच्या गुत्त्याच्या माडीवर जमून स्वतःचा क्लब काढला. पाद्रीबाबा रोखायला गेले, त्यांना आतच येऊ दिलं नाही म्हणतात. 'बोरुसिया' हे नावही जवळच्या एका बिअरच्या कारखान्यावरून घेतलं असं सांगतात. आई, हे तुम्ही ऐकलं नाही असं समजा. (हे गाळा.)

आजोबा स्वतः फिनिक्स पोलाद कारखान्यातले. तो बंद पडल्यावर सुटा करून चीनला नेला, आणि त्या जागी आता तळं केलंय. तळ्याकाठच्या घरांचं भाडं ऐकून आपल्याला घाम फुटेल. आजोबा म्हणतात, "कारखाना उचलून नेला, स्टेडियम तेवढं त्यांना उचललं नाही."

आणि ते उचलण्यासारखं नाहीच. 81 हजारांवर माणसं मावतात. आपलं शाहू स्टेडियम भरलं की पेठा रिकाम्या होतात. हे भरलं की आख्खा तालुका रिकामा व्हावा. आमची तिकिटं दक्षिणेच्या बाजूला, 'पिवळ्या भिंती'त. जवळपास 25 हजार माणसं एकाच उतारावर, सगळी उभी. खुर्च्या नाहीतच. युरोपात उभ्यानं मॅच बघायची एवढी मोठी जागा दुसरी नाही. तिकीटही बसण्याच्या जागांपेक्षा खूप स्वस्त, कारण पाय तुमचे. चढ इतका उभा की खालच्या माणसाच्या टकलावर मी पर्स ठेवू शकले असते. मी "बसायचं कधी?" असं विचारलं तर आजोबांनी "मंगळवारी" असं उत्तर दिलं.

शनिवार होता, हे मला पिवळ्या भिंतीत उभी राहिल्यावर आठवलं. तुमचा मारुतीचा वार. तोवर ओजसच्या हातात ब्राटवुर्स्ट, म्हणजे मांसाचा सॉसेज, आला होता आणि निम्मा पोटातही गेला होता. मी मारुतीची क्षमा मागितली. तालमीतल्यांनी उगाच त्यावर चर्चा करू नये. (हेही गाळा.)

मॅचआधी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी जगभर नेलेलं ते 'यू विल नेव्हर वॉक अलोन' सगळं स्टेडियम गातं, मफलर दोन्ही हातांनी वर धरून. आजोबांचा सूर आपल्या गल्लीतल्या बँडवाल्यापेक्षा बरा नाही, पण डोळे मिटून गात होते. माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करते. तेवढं संग्रामला सांगू नका, त्याला अजून वाईट वाटेल.

माइकवर नॉर्बर्ट डिकेल. आप्पा, हा तुमच्या जातीचा माणूस. 1989च्या जर्मन कपच्या फायनलमध्ये गुडघा दुखावलेला असताना उतरला आणि दोन गोल ठोकले. त्या गुडघ्यानं पुढं त्याचं खेळणं संपवलं, म्हणून आता माइक. गोल झाला की तो खेळाडूचं पहिलं नाव पुकारतो आणि 80 हजार लोक आडनाव ओरडतात. मग तो "डान्के" म्हणतो, लोक "बिट्टे" म्हणतात. 'धन्यवाद' आणि 'आभाराची गरज नाही', एवढ्या सभ्यतेनं! इतक्या नम्रपणे गोंगाट करणारे लोक मी पाहिले नव्हते.

आता मुद्द्याचं. समोर कीलचा संघ, तो आधीच खालच्या लीगमध्ये गेलेला. म्हणजे सोपं, असं मला वाटलं. आजोबांना नाही. मे 2023 मध्ये अशाच शेवटच्या मॅचला माइंझला हरवलं की चॅम्पियन, एवढंच बाकी होतं. माइंझनं अर्ध्या तासाच्या आत दोन गोल केले, मध्येच आपली पेनल्टी वाया गेली आणि शेवटी मॅच 2-2 सुटली. तिकडं कोलोनमध्ये बायर्नच्या मुसियालानं 89व्या मिनिटाला गोल मारून चषक नेला. गुण सारखे, फक्त गोलांचा फरक. त्या दिवसापासून आजोबांसमोर माइंझ नाव काढायचं नाही. त्या गावाचा शेजारी एकदा जिन्यात भेटला, तर त्यांनी नुसतं हवामानाबद्दल विचारलं.

यंदा हिवाळ्यात क्लब दहाव्या-अकराव्या नंबरवर घसरला होता. प्रशिक्षक बदलला, निको कोवाच आला आणि हळूहळू चढले. काल दोन गोलांच्या फरकानं जिंकलं की चौथा नंबर पक्का, इतरांच्या मॅचमध्ये काहीही होवो. चौथा म्हणजे चॅम्पियन्स लीगमध्ये जागा. आप्पा, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. चौथ्या नंबरला आपल्याकडं नारळसुद्धा मिळत नाही. मीही आजोबांना तेच म्हटलं. ते म्हणाले, "या देशात पहिला नंबर बायर्नचा, म्हणून आम्ही चौथ्यासाठी जीव टाकतो." हे तत्त्वज्ञान मी घरातल्या बजेटलाही लावून पाहणार आहे.

तिसऱ्याच मिनिटाला पेनल्टी, गिरासीनं मारली आणि गोल. आणि आप्पा, इथं एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. गोल झाला की हातातली बिअर हवेत जाते. सगळ्यांची, एकाच वेळी. पाठीवर टाकी बांधून बिअर विकणारी पोरं गर्दीतून का फिरतात ते मला तेव्हा कळलं. माझ्या केसांतून, मफलरातून, कानातून बिअर. ओजस हसून हसून कठड्याला लटकला. (हे गाळाच. आईंना तर दाखवूच नका.)

लगेच कीलचा एक खेळाडू लाल कार्ड खाऊन बाहेर गेला. तरी हाफटाइमपर्यंत 1-0 च. दहा जणांविरुद्ध एकच गोल! आजोबांनी सगळ्या संघाला अशी विशेषणं दिली की ओजस दोन नवीन जर्मन शब्द शिकला. शाळेत वापरले तर मला बोलावतील. चौथ्या नंबरसाठी आमच्याशी झुंजणाऱ्या फ्रायबुर्गच्या मॅचमध्ये काय चाललंय ते कुणालाच कळेना, 80 हजार फोन एकाच वेळी चालू म्हटल्यावर नेटवर्क कुठलं राहणार. पोलंडहून संग्रामचे सात मेसेज मला मॅचनंतर एकदम मिळाले. शेवटच्यात नुसतं प्रश्नचिन्ह.

हाफटाइमनंतर झाबिट्झरचा गोल. एन्मेचाचा तिसरा. 3-0. दुसऱ्या गोलाला मी छत्री उघडावी म्हटलं, पण छत्री घरीच होती. तिसऱ्याला मी स्वतःच उड्या मारत होते आणि कुणा तरी दाढीवाल्या काकांच्या गळ्यात पडले होते. ते काका नंतर रीतसर हात मिळवून स्वतःचं नाव सांगून गेले. फ्रायबुर्ग हरलं, डॉर्टमुंड चौथं. लोकांनी जे काही केलं ते पाहता चौथा नंबर हा पहिल्यापेक्षा बरा असावा असं मला वाटायला लागलं आहे.

आप्पा, एक मात्र तुमचं खरं. तुम्ही म्हणता की मॅच बघायची तर आपल्या पेठेच्या माणसांत उभं राहून, नाहीतर टीव्ही काय वाईट. काल ते पटलं. घरी यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. आजोबा वाटेत भेटेल त्याच्याशी थांबत होते, आणि प्रत्येकाला माझी ओळख 'आमच्या घरातली' अशी करून देत होते.

आईंना सांगा, ओजसचं मराठी वाचन चालू आहे. चटणीचा डबा मिळाला.

तुमची सून,
गौरी

ता. क. क्लाउस आजोबांनी तुमचा फोटो पाहिला, तालमीसमोरचा. जानेवारीत बुंडेसलिगा काही दिवस बंद असते, तेव्हा कोल्हापूरला यायचं म्हणतायत. तुमच्या केएसए फुटबॉल लीगच्या मॅच तेव्हा असतील का, कुणाच्या बाजूला उभं राहायचं आणि तिथं गोल झाला की काय उडवतात, हे तीन प्रश्न त्यांनी पाठवलेत. तिसऱ्याचं उत्तर 'गुलाल' असं मी देऊन टाकलंय. बाकी दोन तुम्ही कळवा.