किल्लेदार

दिवाळीच्या सुटीत जे कुटुंबवत्सल गृहस्थ मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वरास जातात, त्यांना घोड्यावर बसवून छायाचित्रे काढतात आणि जॅमच्या बाटल्या घेऊन सुखरूप घरी परततात, त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे फारसे काही नसते, परंतु "पोरांना सह्याद्री कळला पाहिजे" एवढ्या एका वाक्यावर साऱ्या कुटुंबाची रवानगी अकोले तालुक्यातील बारी गावी करणारा, आणि सहा वर्षांच्या चिरंजिवांना व नऊ वर्षांच्या कन्येला पहाटेच्या काळोखात उभे करून, जेथे काहीही दिसत नाही अशा दिशेला बोट दाखवीत "तो पाहा महाराष्ट्राचा माथा!" असे फर्मावणारा जो पितृवर्ग अलीकडे आपल्या समाजात बळावला आहे, त्याची कैफियत कोणीतरी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. या वर्गातील गृहस्थाला मी किल्लेदार म्हणतो. कळसूबाई हा किल्ला नव्हे, ही बाब त्याच्या पत्नीने त्याच्या निदर्शनास अनेकवार आणून दिलेली असते.

मोहिमेचा बंदोबस्त किल्लेदार जातीने करतो. त्याच्या पाठीवरील पिशवीत दोर, शिटी, विजेरी आणि होकायंत्र असते. सुटीच्या दिवशी ज्या वाटेवर पुढच्या माणसाच्या पाठीवाचून दुसरे काही दिसण्याची सोय नाही, त्या वाटेवर होकायंत्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न त्याला विचारू नये. पाणी, दशम्या, लसणाची चटणी, चिरंजिवांच्या दोन जादा चड्ड्या आणि उलटीवरचे औषध हा क्षुल्लक सरंजाम किल्लेदारीणबाईंच्या पिशवीत असतो, आणि ती पिशवी किल्लेदाराच्या पिशवीहून वजनाने हमखास अधिक भरते.

चढ सुरू झाला की किल्लेदाराच्या वाणीला बहर येतो. उंची 1646 मीटर, म्हणजे सुमारे 5400 फूट, ही माहिती तो पहिल्या टप्प्यातच तीन वेळा देतो. भंडारदऱ्याचे धरण इंग्रजांनी 1926 साली कसे पुरे केले, पलीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे त्रिकूट कसे उभे आहे, हे तो श्वास पुरेल तोवर सांगत राहतो. श्वास फार वेळ पुरत नाही. चिरंजीव मात्र या सर्व भौगोलिक ऐश्वर्याकडे पाठ करून वाटेत उकिडवे बसलेले असतात, कारण शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलीत एक काळा किडा चढणीवर चढू पाहत असतो, गोळी घसरते, किडा उलथापालथा होतो, पुन्हा उठून तिला भिडतो; आणि तो पलीकडच्या दगडापाशी पोहोचेपर्यंत चिरंजीव जागचे हलणार नाहीत, हे उघड होताच किल्लेदार मुहूर्त टळू लागलेल्या भटजीप्रमाणे घड्याळाकडे पाहू लागतो. माझे प्रामाणिक मत असे आहे की त्या पर्वतावर त्या दिवशी खरे गिर्यारोहण पाहिले ते एकट्या चिरंजिवांनी.

तेथून पुढे मुले चढतात, पण किल्लेदार समजतो त्या कारणाने नव्हे. गावातील बाया वाटेवर ठिकठिकाणी पाल मारून लिंबू सरबत, काकडी आणि ताक विकत बसलेल्या असतात. एका सरबतापासून दुसऱ्या सरबतापर्यंत, अशा हिशेबाने कन्येने तो अख्खा डोंगर मनातल्या मनात वाटून घेतलेला असतो. स्फूर्तीपर भाषणांचा खर्च व्यर्थ जातो, सरबताचा जात नाही.

विश्रांतीच्या एका जागी किल्लेदार कळसूची कथा सांगतो. अहमदनगर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरातही ती नोंदलेली आहे: कळसू ही कोळ्याची पोर, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर एका घरी कामास राहिली, पुढे कोणीतरी बळेच तिला ती कामे करायला लावली, तेव्हा कामे उरकून ती तडक डोंगरावर निघून गेली आणि मरेपर्यंत तिथेच राहिली. कथेचे तात्पर्य निश्चयाचे बळ, असे किल्लेदार सांगतो. किल्लेदारीणबाई काही बोलत नाहीत. दशम्यांचा रिकामा डबा झाडाच्या पानाने पुसता पुसता त्या शिखराकडे एकवार नीट निरखून पाहतात, एवढेच.

लोखंडी शिड्या आल्या की प्रसंगाला खरे गांभीर्य येते. खाली दरी, हाताला गार कठडा, वर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी हक्क सांगणारे. येथे किल्लेदार हिरकणीचा दाखला देतो, त्यावर कन्या शांतपणे म्हणते, "बाबा, ती बाळासाठी खाली उतरली होती. बाळाला घेऊन वर नव्हती गेली." हा मुद्दा बिनतोड असल्यामुळे तो तहकूब ठेवण्यात येतो. चिरंजीव माकडाच्या लीलेने पायऱ्या चढू लागतात, त्यांच्या मागे दोन्ही हात फैलावून रक्षणार्थ निघालेल्या किल्लेदाराचे गुडघे मात्र मधल्या पायरीवर स्वतंत्र कारभार सुरू करतात, आणि त्याच वेळी डोक्यावर पाण्याची कळशी घेतलेली एक मावशी अनवाणी पायांनी त्याच्या बाजूने वर जाता जाता म्हणते, "खाली बघू नका, साहेब. पोरगं बरं चाललंय."

माथ्यावर देवीचे इवलेसे देऊळ, सोसाट्याचा वारा आणि छायाचित्रांसाठी रांग. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

उतरताना चिरंजीव झोपी जातात, आणि झोपलेले मूल जागेपणीच्या दुप्पट वजनाचे असते, या सिद्धांताची रुजवात किल्लेदाराच्या पाठीवर होते. बारीला पोहोचून पिठलं-भाकरी पुढ्यात येताच, ज्या आवाजात पूर्वी विजयाचे खलिते वाचले जात असावेत त्या आवाजात, तो दूरध्वनीवरून थोरल्या बंधूंना कळवितो की धाकट्याने अख्खी कळसूबाई स्वतःच्या पायांनी केली. धाकटा तेव्हा त्याच्याच खांद्यावर लाळ गाळीत असतो. मग आवाज किंचित खाली आणून, किल्लेदारीणबाई मोरीकडे गेल्याची खात्री करून, तो घरमालकाला विचारतो की रतनगडाची वाट लेकरांना कितपत झेपेल.

"तिकडे सरबत मिळतं का?" कन्या भाकरी मोडता मोडता विचारते.

किल्लेदाराने हा प्रश्न तातडीचा मानून घरमालकाकडे मंजुरीसाठी पाठविला आहे.