उतरायचं कुठे?

कुठे जायचं हे आमच्या घरी चहा संपेपर्यंत ठरतं. कुठे उतरायचं हे मात्र निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. आईला देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर हवं असतं. बायकोची अट एकच, बाथरूम स्वच्छ. मुलीला खिडकीतून समुद्र दिसायला हवा आणि खिडकीत बसून मोबाइलला रेंजही हवी. या तिघींचं मन न मोडता स्वस्तात काय मिळेल, ते शोधायचं काम माझ्याकडे.

आमच्या आधीच्या पिढीला हा घोर नव्हता, कारण त्यांच्याकडे नातेवाईक होते. मुंबईला गेलं की दादरची आत्या, नागपूरला गेलं की मावशी. पत्र पाठवून जावं, नाही पाठवलं तरी चाले. भाडं अर्थातच नाही. पण पहिल्या चहाबरोबरच चौकशी सुरू होई. पगार किती? बदली कुठे? धाकटीचं लग्न का अडलंय? शेजारच्या काकू मुद्दाम बघायला येत आणि त्यांच्यासाठी सगळी उत्तरं पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागत. ‘राहा की अजून चार दिवस’ या वाक्यातले चार म्हणजे नेमके किती, हे ओळखण्याची विद्या घराण्यात असावी लागे. शिवाय मे महिन्यात आत्या सहकुटुंब आपल्याकडे येणार, हे त्यात धरलेलंच असे.

अर्थात सगळेच कोणाच्या घरी उतरत नसत. लोकमान्य टिळक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृह या लॉजमध्ये उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं. त्यांच्यासाठी गादी घालायला गिरगावातलं कुठलंही घर एका पायावर तयार झालं असतं. तरी त्यांनी सरदारगृह धरलं. भेटायला येणाऱ्यांची रीघ पाहता, कुठल्या वहिनींनी दिवसभर किती आधणं ठेवायची हा विचार त्यामागे असावा, असं मला आपलं वाटतं.

देवाच्या गावी नातेवाईक नसले तरी अडत नाही. शेगावच्या भक्तनिवासात गेलात तर सेवेकरी सगळ्यांनाच ‘माउली’ म्हणतात. ‘माउली, रांगेत या’ म्हटल्यावर भांडायचं तरी कसं? एरवी हॉटेलातल्या टॉवेलवरून मॅनेजरला बोलावणारा माणूसही तिथे निमूटपणे आपली उशी आपण उचलतो. गोव्यात मंगेशीला, शांतादुर्गेला देवळाच्या आवारात भाविकांना उतरायला अग्रशाळा आहेत. गोव्याला जातो म्हणणाऱ्या तरुण मंडळींना त्यांचा पत्ता नसतो. त्यांच्या आज्यांना मात्र अख्ख्या गोव्यात तेवढाच पत्ता ठाऊक असतो. अशा ठिकाणी प्रश्न नातेवाइकांपेक्षा कमी आणि साधे. किती जण, कुठून आलात, आधार कार्ड आहे का? काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, तेव्हा प्रश्न थोडे वाढतात.

मधल्या काळात मध्यमवर्गाला हॉलिडे होम सापडलं. त्यासाठी बँकेत एक मेहुणा असावा लागतो. त्याने अर्ज करायचा, महाबळेश्वरची तारीख मिळवायची, केअरटेकरला फोन करायचा आणि मग प्रत्येक लग्नकार्यात त्याची आठवण करून द्यायची. बाकी सगळं झकास. फक्त शेजारच्या खोलीतही बँकेचेच लोक असल्यामुळे सूर्यास्त बघताना कानावर बढतीच्या परीक्षेची चर्चा पडत राहते.

माझा स्वतःचा जीव मात्र कोकणात अडकलेला आहे. गुहागर, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, दिवेआगर, कुठेही जा, फाटकावर पाटी असते : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. यातला ‘घरगुती’ हा शब्द तिथे शब्दशः पाळतात. पोहोचल्या पोहोचल्या काकू विचारतात, ‘दुपारी किती पानं?’ उत्तर ताबडतोब हवं असतं, कारण नारळ खवायचा असतो. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं. ‘आयत्या वेळी मोदक होत नाहीत हो,’ असं काकू म्हणतात तेव्हा आपल्या एकूण आयुष्याबद्दलच त्या बोलताहेत असं वाटतं. सकाळी दारावर थाप पडते, ‘बंब पेटलाय, आंघोळी उरकून घ्या.’ सुट्टीवर आलेला माणूस सातच्या आत न्हाऊन ओसरीवर बसलेला असतो. घरी बायको वर्षभर सांगून जे जमवू शकलेली नसते, ते काकू पैसे घेऊन करवून घेतात. निघताना हिशेबाचा कागद मिळतो, त्यात दुसऱ्यांदा घेतलेली सोलकढी धरलेली नसते.

सॅन फ्रान्सिस्कोत दोघा मित्रांनी दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले आणि त्यातून २००८ साली एअरबीएनबी उभी राहिली, याचं जगाला कौतुक. आषाढीला पंढरपूरकर आपली घरं वारकऱ्यांना किती वर्षांपासून देत आले आहेत! फक्त त्यांनी ॲप काढलं नाही.

पलीकडच्या टोकाला कॅप्सूल हॉटेल. १९७९ मध्ये ओसाकात पहिलं निघालं आणि २०२१ मध्ये त्याच जातीच्या झोपायच्या खोल्या मुंबई सेंट्रल स्टेशनात आल्या. आडवं होण्यापुरती जागा, पडदा किंवा दार ओढलं की आपण जगाचे कोणी नाही. चांगल्या हॉटेलातही तेच, फक्त जास्त चौरस फुटांत. आधार कार्ड दाखवलं की संपलं. तुम्ही जेवलात का, रडलात का, अकरा वाजेपर्यंत लोळत पडलात का, कोणी विचारत नाही.

इतक्या ठिकाणच्या उशा पाहिल्यावर मला एक हिशेब कळला आहे. भाडं जितकं कमी, तितके प्रश्न जास्त. आत्याकडे भाडं शून्य आणि प्रश्न अमर्याद. पंचतारांकित हॉटेलात पाणी साधं हवं की सोड्याचं, यापलीकडे प्रश्न नाही. खोलीच्या भाड्यात आपण गादीचे पैसे थोडे देतो आणि कोणी काही विचारू नये याचे जास्त.

म्हणून बुकिंग करण्याआधी तारे मोजू नका, आपल्याला सध्या किती प्रश्न सोसतील ते बघा. माणसांना कंटाळून निघाला असाल तर खुशाल हॉटेलात जा. घरात बरेच दिवस कोणी काही विचारलेलं नसेल तर कोकणातल्या काकू बऱ्या. आणि दादरला अजून आत्या असेल, तर एकदा तिच्याकडे उतरून या. पगार थोडा वाढवून सांगितलात तरी चालेल.

बाकी कुठेही उतरा, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं ते तेवढं आधी विचारून घ्या.