फोनची मूद

"काकू, तांदूळ आहेत का?"

"आहेत की. किती जण जेवायला?"

"जेवायला नाही हो. फोनला."

आमच्या वहिनींची गणपतीपुळ्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. दिवाळीच्या सुटीपासून मे संपेपर्यंत हा संवाद त्यांच्या पडवीत इतक्या वेळा झाला आहे, की आता कुणी नुसतं "तांदूळ" म्हटलं की त्या आधी पाहुण्याची पँट बघतात. ती गुडघ्यापर्यंत भिजलेली असली तर विचारायची गरज उरत नाही. घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा फोन दोन्ही तळव्यांत धरून गृहस्थ उभे असतात, आणि मागे बायको गप्प असते.

'फोनचा पुरेपूर वापर करण्याच्या 25 युक्त्या' गृहस्थांना सकाळीच कुटुंबाच्या गटावर आलेल्या असतात. बॅटरी 20 टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, 80 च्या वर नेऊ नका, उन्हात फोन ठेवू नका वगैरे. यातली एकही कुणी पाळत नाही. सतरावी मात्र वेदवाक्य: फोन भिजला, तर लगेच तांदळात ठेवा.

फोन भिजतो कसा, यात गूढ काही नाही. इथला देव पश्चिमेला तोंड करून समुद्राकडे बघत बसला आहे. पाहुणे समुद्राकडे पाठ करून स्वतःकडे बघत उभे राहतात. लाट मागून येते.

मग वहिनी डबा काढतात. "बासमती नाही का?" असं विचारणारेही भेटले आहेत, भारी फोनाला जाडे तांदूळ सोसत नसावेत. फोन डब्यात उभा खुपसायचा की आडवा, यावर नवरा-बायकोत वाद होतो. वर पसाभर तांदूळ घालून सारखे करतात, म्हणजे झाली मूद. तूप तेवढं राहतं. एक आजी तर हळदकुंकवाची कोयरी आणते म्हणाल्या. बरोबरच आहे, एवढे तांदूळ पदरात पडल्यावर ती ओटीच झाली. खण-नारळ घातला की फोन सासरी जायला मोकळा. रात्री दोनदा उठून डबा उघडून बघतात. आमच्याकडे हापूस आढीत घातल्यावर असंच वरचेवर उघडून बघतात, पण आंब्याला निदान वास सुटतो. सकाळी गृहस्थ फोन बाहेर काढून कानाशी धरून हलवतात. आत खुळखुळ वाजतं. तो तांदळाचा दाणा असतो.

तांदळात स्वतःचाच ओलावा बारा-तेरा टक्के असतो. तो फोनच्या पोटातलं पाणी कशाला ओढून घेईल? नुसता वाऱ्यावर ठेवलेला फोनही तितपतच सुकतो. वर तांदळाचं पीठ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतं ते वेगळंच. काही फोन बनवणारेच आता सांगतात, तांदळात ठेवू नका. आणि इथलं पाणी समुद्राचं. पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं आणि धातू खात बसतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून आपल्या आज्यांनी बरणीत चार दाणे तांदूळ टाकले, त्याचं आम्ही हे शास्त्र केलं.

'वॉटरप्रूफ आहे हो,' असंही छातीठोक सांगतात. ती परीक्षा स्वच्छ, गोड्या, संथ पाण्यात होते. जाहिरातीतला माणूस मात्र लाटांत उड्या मारतो. सिमच्या खाचेत किंवा आसपास एक इवलासा पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. तो लाल झाला की वॉरंटीवाला हात वर करतो. त्याला तांदूळ दाखवून उपयोग नसतो.

इथवर हसू येतं. पण किनाऱ्यावर आणखी एक लाल पाटी आहे, पोहणं धोकादायक असल्याची. तिच्यावर एकच सूचना आहे, पंचवीस नाहीत. ती कोणी वाचत नाही. वाळू पायाखालून एकदम उतरते, ओहोटीची ओढ माणसाला आत नेते, इथे माणसं बुडाली आहेत आणि दर मोसमात बुडतात. गावातली पोरं जीव धोक्यात घालून लोकांना ओढून काढतात. अशाच एकाला गेल्या मोसमात बाहेर काढलं, पालथा घातला, पोटातलं पाणी काढलं. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला शब्द आईचा नव्हता, देवाचा नव्हता, ज्या पोराने ओढला त्याच्या आभाराचा तर नव्हताच. "माझा फोन?" म्हणाला. त्या पोराचा स्वतःचा फोन त्याच्या खिशातच होता, उडी मारताना काढायला वेळ मिळाला नाही. त्याला कुणी तांदूळ विचारले नाहीत. त्याने मागितलेही नाहीत, पुढचे हप्ते तेवढे भरतो आहे.

फोनच्या डब्यातले तांदूळ वहिनी माणसांना शिजवून घालत नाहीत. कोंबड्यांना टाकतात.

तेव्हा पाहुण्यांनो, फोन भिजलाच तर बंद करा, चार्जरला लावू नका, ओलसर फडक्याने वरचं मीठ पुसा, पंख्याखाली ठेवा आणि रत्नागिरीत दुरुस्तीवाल्याकडे न्या, आरे-वारेच्या रस्त्याने तासाभरात पोचाल. वाटेत उतरून समुद्राकडे पाठ करू नका. तांदूळ आम्हाला दोन वेळा लागतात.