चांदीचा तबेला : नवशिक्यांसाठी सूचना

घोडा पाळायचा म्हणजे तबेला, चंदी, मोतद्दार आणि सोसायटीची परवानगी एवढं सगळं आलं. त्यापेक्षा अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक घोडा बरा. तो दोन-अडीच सेंटिमीटरच्या चकतीवर मावतो, लाथ मारत नाही आणि चंदीऐवजी त्याला फक्त चांदी लागते. ती तुमच्या खिशातून जाते, एवढाच काय तो फरक.

नवशिक्याने पहिला घोडा पंखांचा घ्यावा. कॉरिंथच्या स्टेटर या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला पेगॅसस हा पंखांचा घोडा असतो, दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण मागे सरकवलेली अथीना. पेगॅससला बेलेरोफॉनने कॉरिंथमधल्याच पिरेनी झऱ्यावर पकडलं, अशी कथा आहे. गावाने मग त्याला शतकानुशतकं नाण्यावर बांधून ठेवलं. ग्रीक लोक या नाण्याला लाडाने ‘शिंगरू’ म्हणत. घोड्याच्या पोटाखाली कोप्पा हे अक्षर शोधा. बाकीच्या ग्रीकांनी रोजच्या लिहिण्यातून ते कधीच काढून टाकलं होतं, आपल्या वर्णमालेतल्या ‘ऌ’सारखी त्याची गत झाली होती, कॉरिंथने मात्र गावाचं जुनं आद्याक्षर म्हणून नाण्यावर ते सोडलं नाही. कोप्पाच्या जागी लॅम्बडा दिसला तर घोडा ल्यूकसचा, अल्फा दिसला तर अँब्रेसियाचा. ही कॉरिंथकरांनी वसवलेली गावं, आणि घोडाही माहेरचाच. विक्रेत्याच्या लेखी सगळेच कॉरिंथचे असतात.

घेण्याआधी वजन करा. कॉरिंथच्या स्टेटरचं वजन साधारण 8.6 ग्रॅम. हे वाक्य मी आता फार सहज लिहितो, पण माझा पहिला पेगॅसस एका प्रदर्शनातल्या टेबलावरून मी वजन न करताच उचलला होता. विक्रेत्याने तो मखमलीवर ठेवला होता, आणि मखमलीवर ठेवलेल्या वस्तूचं वजन विचारणं मला असभ्यपणाचं वाटलं. घरी येऊन ओळखीच्या सोनाराकडे गेलो. काट्यावर सहा ग्रॅमही भरेना. सोनाराने नाणं उभं धरलं, कडेवरची बारीक शिवण नखाने दाखवली आणि म्हणाला, “साहेब, हे साच्यात ओतलंय. वरून नुसतं पाणी दिलंय.” खरं नाणं ओतलेलं नसतं, ठोकलेलं असतं. तो घोडा आजही माझ्याकडे आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो.

ठोकण्याचं काम कसं चाले हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचे बरेच अपेक्षाभंग टळतील. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, चकतीवर दुसरा ठसा, आणि वरून हातोड्याचा घाव. चकती जरा सरकली की घोड्याचं डोकं गेलं. ठसा कोरणाऱ्याने अख्खा घोडा कोरलेला असतो, पण चांदीवर मावेल तेवढाच तुमच्या वाट्याला येतो. टॅरसच्या नाण्यावर घोड्यावर बसलेला उघडा पोरगा असतो आणि मागे डॉल्फिनवर स्वार झालेला दुसरा. माझ्या नाण्यात पोरगा आहे, लगाम आहे, घोड्याची मान आहे. तोंड चकतीबाहेर राहिलं. इटलीच्या टाचेतल्या या गावाने पिऱ्हसच्या युद्धाच्या सुमारास नाण्याचं वजनही 7.9 ग्रॅमवरून 6.6च्या आसपास आणलं. घोडा दिसायला तेवढाच, फक्त खुराक कमी. अख्ख्या घोड्याची किंमत विचारून पाहा, म्हणजे बिनतोंडाचा लगेच आवडू लागतो.

सिराक्यूजचं नाणं हाती आलं तर पाय मोजा. चार घोड्यांचा रथ, म्हणजे सोळा पाय झालेच पाहिजेत. सुरुवातीच्या कारागिरांनी एकच घोडा कोरून त्याच्या मागे एक-दोन रेघा ओढल्या आणि बाकीचे घोडे समजून घ्या म्हणाले. पुढे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस किमॉन आणि युएनेटोससारखे कारागीर आले. त्यांचे घोडे उधळलेले, माना वेगवेगळ्या दिशेला, वर हवेतून विजयदेवता हार घेऊन येतेय. नाण्यावर सही करण्याइतका माज या मंडळींना होता, आणि तो शोभतही होता. त्यांची दहा ड्राख्मांची नाणी 43 ग्रॅमच्या आसपास भरतात. ती काचेच्या अलीकडून बघायची. हात मागे बांधून.

आता सावधगिरीची सूचना. कान बघा. ज्याला आपण घोडा समजतो तो घोडा असेलच असं नाही. मेंडेच्या नाण्यावर दारूचा देव डायोनायसस हातात प्याला घेऊन ज्या जनावरावर आडवा झालाय ते चक्क गाढव आहे. मेंडेची दारू प्रसिद्ध होती, त्यामुळे वाहनाबद्दल देवाची तक्रार नसावी. रेगियम आणि मेसानाच्या नाण्यांवर रथाला खेचरं जुंपलेली आहेत. तिथला सत्ताधीश अनॅक्सिलास ऑलिंपियाला खेचरांच्या गाडीची शर्यत जिंकला होता. अॅरिस्टॉटलने सांगितलेली एक हकीकत अशीच एका विजेत्याची आहे. त्याने सिमोनिडीस या कवीला विजयगीत मागितलं. बिदागी कमी होती, तेव्हा कवी म्हणाला, अर्ध्या गाढवांवर आपण लिहीत नाही. बिदागी वाढली. मग त्याने गीत लिहिलं आणि त्यात खेचरांच्या बापाचं नाव न काढता आजोळच्या घोड्यांचा तेवढा गौरव केला. लग्नाचं स्थळ सुचवणाऱ्यांना ही विद्या शिकवावी लागत नाही. नाण्यांच्या जाहिरातीही याच चालीवर लिहिलेल्या असतात.

मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपला अशी गरज पडली नाही. त्याचा घोडा इ.स.पू. 356 मध्ये ऑलिंपियाला खरोखरच जिंकला. प्लूटार्क सांगतो की त्याच सुमारास सेनापतीने लढाई मारल्याची आणि अलेक्झांडरच्या जन्माची बातमीही येऊन थडकली. फिलिपने नाण्यावर कोरून घेतला तो घोडा. पाठीवर किरकोळ पोरसवदा जॉकी, हातात विजयाची खजुराची फांदी. मुलाचं कौतुक नंतर जगाने केलंच. हे साडेचौदा ग्रॅमच्या आतबाहेरचं नाणं उत्तरेकडच्या केल्ट लोकांना इतकं आवडलं की त्यांनी नकला पाडल्या, नकलांच्या नकला पाडल्या, आणि शेवटी घोड्याचे सांधे सुटून नुसते ठिपके आणि कंस उरले. नवशिक्याने ते घेऊ नयेत. पाहुण्यांना ‘हा घोडा आहे’ हे पटवता पटवता चहा गार होतो.

नाण्याचा काळसरपणा घासून काढू नका. चिंच नको, मीठ नको, रांगोळी तर मुळीच नको. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते; पडली तर बिस्किटासारखी तुटू शकते. शिवाय तो काळेपणाच पुष्कळदा नाण्याचं वय सांगतो. म्हणून तर बनावट नाणी पाडणारेही तो मिळवण्यासाठी जिवाचं रान करतात. कार्ल विल्हेल्म बेकर हा जर्मन गृहस्थ 1830 मध्ये वारला. जुन्या नाण्यांचे ठसे तो इतके सुरेख कोरायचा की भल्याभल्यांची फसगत झाली. नवी कोरी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसासकट एका डब्यात घालून डबा बग्गीच्या आसाला बांधायचा आणि फेरफटका मारून यायचा. आपल्या म्हाताऱ्यांना फिरवून आणतो, असं तो म्हणे. म्हणजे नाण्यावरचे घोडे म्हातारे करायला खरे घोडे राबत होते.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. 1972च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं भारतात पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा न्यू जर्सीच्या भाच्याला मुंजीत पेगॅसस द्यायचा बेत असेल तर पाकिटावर भागवा.

आणि शेवटी लॅरिसा, माझा लाडका. थेसली म्हणजे ग्रीसमधला घोड्यांचा मुलूख. अलेक्झांडरचा ब्युसेफलस तिथलाच, प्लूटार्कच्या म्हणण्याप्रमाणे तेरा टॅलेंट मागितलेला. लॅरिसाच्या सहा ग्रॅमच्या ड्राख्मावर पुढे अप्सरेचा समोरून दिसणारा चेहरा, सिराक्यूजच्या किमॉनने कोरलेल्या अरेथूसा अप्सरेवरून उचललेला. मागे घोडा. माझ्या नाण्यावरचा घोडा पुढचा एक पाय दुमडून, मान खाली घालून वाकलाय. तो अडखळलाय की जखमी आहे, यावर मी बरेच रविवार घालवले. परवा शेजारच्या आजी वाटी परत करायला आल्या. त्यांच्या वडिलांचा मिरजेत टांगा होता. मी हौसेने भिंग हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ आणलं आणि क्षणात म्हणाल्या, “अरे, लोळायला बसतोय तो. दिवसभराचं जू उतरवलं की असंच करतात. आमचा तांबडा अंगणभर धूळ उडवायचा. खोगीर काढलेलं दिसतंय ना?”

ग्रीक स्वार आपल्यासारखं खोगीर वापरतच नसत, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. भिंग परत घेतलं. पाठ उघडी होती, लगामही कुठे दिसेना.