लटकूसाहेब, गाडी सोडा!

प्रति,
श्रीमान लटकूसाहेब (पूजेच्या दुकानांसाठी गाड्या अडवणारे एजंट),
राहुरी–शनिशिंगणापूर रस्ता.



शिर्डीचं दर्शन उरकून नगर-मनमाड महामार्गानं येणारी परराज्यातली गाडी दिसली, की तुमची मोटारसायकल जी सुटते, ती बघून शर्यतीच्या बैलांनीही मान खाली घालावी. एकजण पुढून आडवा, दुसरा खिडकीशी, तिसरा दाराला लटकलेला. ‘आगे रास्ता बंद है, पार्किंग इधरही है!’ आतून ‘काय रे भाऊ?’ असं मराठीत ऐकू आलं, की रस्ता लगेच मोकळा होतो. हा चमत्कार तर शनिदेवालाही जमलेला नाही!

मग दुकानातलं पूजेचं ताट. तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळी बाहुली, घोड्याची नाल, मूठभर उडीद. भाव गाडीची नंबरप्लेट बघून. साडेसाती सुटावी म्हणून आलेल्या माणसाला ती देवाच्या अलीकडेच गाठते, ही सोय आपल्याच पट्ट्यात.

तुमचं हे घेरणं बघून बंगाल आठवतो. १९६७ साली तिथल्या कामगारांनी व्यवस्थापकांना इतकं घेरलं, की ‘घेराव’ हा आपला शब्द इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसला. पण त्यांचं भांडण मालकाशी होतं. तुम्ही मालकासाठी पाहुण्याला घेरता. उन्हातान्हात धावायचं तुम्ही, शिव्या खायच्या तुम्ही, पोलिसांनी उचलायचं तुम्हाला. ताटाचा मालक मात्र गल्ल्यावर पंख्याखाली. कमिशन किती सुटतं हो?

महात्मा फुले कृषी विद्यापीठानं आणि मुळा धरणानं राहुरीचं नाव लांबवर नेलं. ते नाव लोकांनी कोणत्या तोंडानं घ्यायचं, ते मात्र तुम्ही ठरवता. घरांना दारं-कुलपं नसलेलं गाव म्हणून शिंगणापूर प्रसिद्ध, आणि त्याच गावाच्या वाटेवर भाविकांना काचा वर करून, दारं लॉक करून बसावं लागतं. धन्य आहात!

वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. महिन्यापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कारवाई होते तेव्हा तुम्ही सापडता. पुढच्या वेळी पोलिसांनी तुमच्यामागे दुकानापर्यंत यावं, एवढीच आमची मागणी.

आणि भाविकहो, रस्ता बंद नसतो. गाडी थांबवू नका, फारच अडवलं तर ११२ लावा. शनीला तेल वाहायला मध्यस्थ लागत नाही.

आपला,
एक राहुरीकर