न आलेल्या भागाची परीक्षणं

कुरुंदवाडच्या घाटावर सध्या ‘राजी’ या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागावर चर्चा जोरात आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली पहिला भाग काढला. महाबलासुरानं पळवलेल्या गोलूला सोडवायला दुर्गेचं त्रिशूळ घेऊन निघालेली त्याची बहीण राजी, आणि निवेदनाला खुद्द दुर्गा आणि विष्णू. देव असे शेजारी बसून बोलतात याचं इथं कुणाला नवल नाही. आमच्या गावात गणपती मशिदीत बसतो. तक्रार शेवटाची. ऐन रंगात आलेली गोष्ट तुटली, म्हणून पोरं पाच वर्षं चिडून होती.

२०२५ मध्ये ‘राजी : कलियुग’ची घोषणा झाली आणि चीड दुप्पट झाली. जाहिरातीची चित्रफीत दोन मिनिटं बघून एकानं निकाल दिला, “पहिल्याची सर न्हाई.” दुसरा म्हणाला, “गोष्ट लै ताणल्यात.” पहिली आखूड म्हणून बोंब ठोकणारा हाच बरं का!

मी विचारलं, पहिला भाग पुरा कुणी खेळलाय? सगळे एकदम कृष्णेकडं बघायला लागले. एकजण मामाच्या पोराकडं अर्धा तास खेळला होता. बाकीच्यांनी दुसऱ्यानं खेळताना यूट्यूबवर बघितला होता, तोही पळवत.

तसा दुसऱ्या भागांचा अनुभव गावाला दांडगा. २००५ च्या महापुराचा पुढचा भाग २०१९ ला आला, तिसरा २०२१ ला. त्यावर मात्र कुणी, “पहिल्याची सर न्हाई,” म्हणालं नाही.

“मग नवा विकत घेणार?”

“घ्यायचा कशाला? बेकारच असणार की.”